सोमवारचं बोट

१

गल्लीत त्याला सगळे बोटवाले म्हणत आणि तो ते नाव मिरवत असे. यंत्रात, अपघातात किंवा जन्मतःच ज्यांना बोट, कान, नाकाचा शेंडा नाही अशा लोकांना तो सिलिकोनचे अवयव करून देई. या कामात आपला हात धरणारा कुणी नाही, असं निदान त्याचं स्वतःचं तरी मत होतं. आकार कुणालाही जमतो, तो म्हणे, खरी मेख रंगात आहे. नखाखाली जी गुलाबी झाक दिसते ती कातडीची नसते, रक्ताची असते. रक्त छातीतून प्राणवायू उचलतं, लाल होतं आणि बोटाच्या टोकापर्यंत धावत येतं, म्हणून नख गुलाबी. ती झाक साधली तर बोट जिवंत, नाही साधली तर कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याचं.

त्याचं सगळ्यात लाडकं काम त्याच्याच घरात वावरत होतं. बायकोच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी लोखंडी फाटकात सापडून गेलं होतं. ती गिऱ्हाईक म्हणून आली, रंग जुळवायला म्हणून गरजेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा आली, आणि शेवटी राहिलीच. लग्नाआधी तिनं एकच अट घातली होती. बोट खोटं आहे हे घराबाहेर कुणालाही कळता कामा नये. इतकी वर्षं त्यानं ती अट डोळ्यांत तेल घालून पाळली. शेजारणींना माहीत नव्हतं, तिच्या मैत्रिणींना नव्हतं, आणि दातांचा डॉक्टर तर तिच्या हातांची तारीफ करायचा.

रोज सकाळी ती उत्तरेच्या खिडकीपाशी बसायची. टेबलावर राखाडी कापड, त्यावर डावा हात, उजव्या हातात चहा. तो डबीतून बोट काढून चढवायचा, सांध्यावरून अंगठा फिरवायचा आणि मान तिरकी करून बघायचा.

"काय परीक्षक, पास का नापास?"

"पास. चहा सांडू नका राणीसाहेब, कापड धुवायला मला लागतं."

दोघांना याहून वेगळं काही नको होतं. मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख केव्हाच निवलं होतं. घर लहान होतं, कामं आवडीची होती, आणि एकमेकांची चेष्टा करायला दिवस पुरत नसे.

२

त्या वर्षी तिनं नवा उद्योग सुरू केला. जुने चामड्याचे बूट आणायचे, शिवण दुरुस्त करायची, काळाभोर रंग द्यायचा आणि नव्यासारखे करून विकायचे. काम मागच्या बंदिस्त गॅलरीत चाले. थंडीमुळे काचा लावलेल्या असत. रंगाचा पत्र्याचा डबा उघडला की घरभर कडू बदामासारखा वास पसरे. तिला तो फार आवडायचा. "आपल्या घराला कसा श्रीमंत वास येतो नाही?" असं ती म्हणायची.

रंगाच्या कामाआधी खोटं बोट उतरवून ती डबीत ठेवी, म्हणजे डाग पडायला नको. रबरी हातमोजे मात्र घालत नसे. बोट चढवलेलं असलं तर ते मोज्याबरोबर निघून येई आणि उतरवलेलं असलं तर मोज्याचं ते रिकामं बोट लोंबत राही. त्या लोंबणाऱ्या बोटाची तिला शिसारी होती. फडकं रंगात बुडवून ती उघड्या हातानं चोळायची. हात काळे होत, साबणानं थोडे निघत, थोडे तसेच राहत.

आणि तिची एक खास युक्ती होती. रंग ओला असतानाच ती बूट स्वतःच्या पायात चढवून घरभर फिरायची. चामडं ओलं असताना माणूस चालला की घड्या नीट पडतात आणि रंग तडकत नाही, हे तिचं संशोधन. मोठ्या मापाच्या बुटांत ती कापड कोंबी.

त्यामुळे घरात रोज निराळी पावलं वाजायची. खिडकीपाशी बसून तो नखं घासत असे आणि आतून कधी एखाद्या जाड्या साहेबाची दमदार टाच ऐकू येई, कधी नाजूक बाईची टिकटिक. "आज कोण आलंय?" तो ओरडून विचारायचा. "बँकेचे मॅनेजर," आतून उत्तर यायचं, आणि मॅनेजर दाराशी येऊन त्याच्याकडे बघून जीभ काढून जायचे.

३

एका सकाळी त्यानं बोट चढवलं, मान तिरकी केली आणि काही बोललाच नाही.

"काय झालं?"

"फार गुलाबी दिसतंय."

"कोण, मी?"

"तू नाही गं, बोट."

खरंच, तिच्या चार बोटांत ते पाचवं उठून दिसत होतं. जणू ते एकटंच आत्ता अंघोळ करून आलं होतं. त्यानं ते खिडकीत धरून पाहिलं. रंग देताना उरलेल्या मिश्रणाची चकती तो नेहमी जपून ठेवी. ती काढून बोटाशेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारखी होती. म्हणजे बोट बदललेलं नव्हतं. सिलिकोनचा रंग असा आठवड्याभरात बदलतही नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मग उजेडाचा दोष असणार. समोरच्या इमारतीला नवा रंग लागला होता, त्याचं प्रतिबिंब पडत असेल. किंवा थंडी. थंडीत कुणाचेही हात काळवंडतात.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण कारागिराच्या मनात काही खुपलं की त्याचे हात आधी कामाला लागतात. त्यानं नवं बोट ओतलं आणि नखाखाली गुलाबीत राखाडीचा एक थेंब जास्त टाकला.

"आता बघ."

तिनं हात फिरवून पाहिला आणि खूश होऊन त्याच्या गालाला काळा डाग लावला.

४

नवं बोट आठवड्याच्या शेवटी शेवटी जुळेनासं झालं. आणखी निळसर, आणखी राखाडी हवं होतं. त्यानं तिसरं केलं. मग रविवारची सुट्टी झाली, बुटांना हात लागला नाही, आणि सोमवारी सकाळी ते तिसरं बोट भलतंच काळं दिसायला लागलं. डबीतून पहिलं, गुलाबी, काढून पाहिलं. ते जवळजवळ बरोबर बसलं.

दोघं पोट धरून हसले. मग ती पद्धतच पडली. आठवड्याच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन बोटं डबीत कापसावर शेजारी शेजारी झोपत. "बायकांकडे साड्या असतात," ती म्हणे, "माझ्याकडे बोटं आहेत. आज बुधवार, मधलं द्या."

त्याची धाकटी बहीण आली होती तेव्हा जिना चढून वर आलेल्या वहिनीकडे बघून ती म्हणाली, "वहिनी, अगं किती दम लागतोय तुला! आणि ही लिपस्टिक कुठली गं, जांभळी?"

"लाल आहे," ती म्हणाली. "माझ्यावर अशीच दिसते हल्ली."

"डोकं दुखतं का?"

"थोडं. पण मजेत दुखतं. हलकं हलकं वाटतं." आणि ती खळखळून हसली. इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. नणंदेनं भावाकडे पाहिलं. भाऊ वहिनीच्या हाताकडे बघत होता. मधलं बोट किती बेमालूम बसलंय, याचंच त्याला कौतुक वाटत होतं.

५

पण बहीण गेल्यावर त्याला काही चैन पडेना. दुपारी आतून पावलं वाजत होती, कुठल्यातरी मोठ्या मापाच्या बुटांची. चार पावलं, मग थांबणं. पुन्हा दोन पावलं, थांबणं. पूर्वी मॅनेजर घरभर मिरवायचे, हल्ली ते प्रत्येक भिंतीपाशी उभे राहत होते. बूट जड असतील, त्यानं स्वतःला सांगितलं.

त्यानं डबी उघडली. कापसावर सोमवारचं बोट सगळ्यांत पुढे होतं. खिडकीतून ऊन आलं होतं आणि त्या उन्हात ते इतकं टवटवीत दिसत होतं की त्याला कसंसंच झालं. त्यानं हात लावला. कोमट होतं. ऊन लागलंय, कोमट असणारच, यात नवल काय? तरी एक विचार आला तो आलाच. हे दिवसेंदिवस ताजं होतंय आणि ती दिवसेंदिवस उतरतेय. हे तिचं काही घेत तर नाही ना?

"वेडा झालास की काय," तो मोठ्यानं म्हणाला. चकती काढून पुन्हा ताडून पाहिली. बोट जसंच्या तसं होतं. त्यानं डबी बंद केली, आणि का ते न कळता तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

शनिवारी शेवटचं बोटही उजळ वाटायला लागलं. म्हणजे चौथं करायला हवं. तो रंग कालवायला बसला. गुलाबी जवळपास सोडूनच दिली. राखाडी, त्यात निळा, त्यात किंचित तपकिरी. काडीनं ढवळताना त्याचा हात आपोआप चालत होता. हे प्रमाण हाताला ओळखीचं होतं. पूर्वी कधीतरी हाच रंग त्यानं कालवला होता. कुठल्या गिऱ्हाइकासाठी, ते काही केल्या आठवेना.

आठवलं तेव्हा काडी हातातच राहिली. एकदा एका घरातले लोक आले होते. त्यांचा माणूस अपघातात गेला होता आणि हात चेंदला होता. शेवटचं दर्शन घेताना तो पुरा दिसावा म्हणून त्यांनी हात करून मागितला होता. दुसऱ्या हातावरून त्यानं रंग जुळवला होता. तोच हा रंग.

उठून आत जायला हवं होतं, त्याला ते कळत होतं. पण साचा तापलेला होता, मिश्रण घट्ट होत होतं. त्यानं ते ओतलं. इतकं जुळणारं बोट त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

६

आतली पावलं थांबली होती. या वेळी ती पुन्हा सुरू झाली नाहीत.

गॅलरीच्या दारात वासाचा लोटच अंगावर आला. ती खुर्चीत बसली होती, पायांत कुणाचे तरी भलेमोठे ओले बूट, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर छान तृप्त हसू. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले.

"अगं?"

"बसा ना," ती डोळे न उघडता म्हणाली. "किती बरं वाटतंय."

तिला आडवं करावं, बोट काढून ठेवावं, आराम पडेल, एवढंच त्याला सुचलं. त्यानं तिचा हात घेतला. बोट चिमटीत धरलं. थंडगार, राखाडी, निर्जीव. त्यानं ओढलं. निघेना. सांध्याशी धरून पिळून ओढलं.

"अहो, दुखतंय," ती म्हणाली. "ते माझं आहे. तुमचं डबीत आहे."

त्यानं हात उलटा करून पाहिला. करंगळीशेजारी रिकामी जागा होती. त्यानं ओढलं ते तिचं स्वतःचं, हाडामांसाचं मधलं बोट होतं. आयुष्यभर ज्यानं खऱ्याखोट्याचा भेद पोटासाठी जपला, त्याला आपल्या बायकोचं खरं बोट ओळखता आलं नव्हतं.

त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्या ओठांवरची लिपस्टिक पुसली. खालून आत्ताच ओतलेलं चौथं बोट निघालं, म्हणजे त्याच रंगाचे ओठ निघाले. तो भीतीनं ओरडला, आणि ओरडत ओरडतच त्यानं तिच्या पायांतले बूट उपसून काढले. पायमोजे काळे, चिंब. तळपाय काळे, आणि जिथे काळा रंग नव्हता तिथे निळे.

७

इस्पितळात तिचं रक्त काढलं तेव्हा तो शेजारीच उभा होता. नळीत चढलं ते लाल नव्हतं. तपकिरी होतं, वितळलेल्या चॉकलेटसारखं. सुई टोचणाऱ्या माणसानं नळी उजेडात धरली, हलवली, आणि तो धावत गेला.

तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवून नीट सांगितलं. बुटांच्या रंगात जो बदामाच्या वासाचा पदार्थ असतो, तो कातडीतून आत जातो आणि श्वासातूनही. मग रक्त अंगात असूनही कामाचं राहत नाही. प्राणवायू उचलत नाही, जो थोडा उचलतं तो सोडत नाही. माणूस भरपूर श्वास घेतो आणि आतून गुदमरतो. डोकं हलकं होतं, कधीकधी हसूही येतं.

"यावर औषध आहे," त्या म्हणाल्या. "गंमत म्हणजे तेही निळंच आहे. पण लक्ष ठेवावं लागेल. शरीरात मुरलेलं सावकाश सुटतं, आकडा सुधारून पुन्हा घसरू शकतो. बरं, हा रंगबदल हळूहळू झाला असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं," तो म्हणाला. "माझ्या आलं."

"मग?"

त्याला सगळं सांगता आलं असतं. पण त्यात ती अट होती. तो नुसता मान खाली घालून बसला. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

८

निळं औषध दिल्यावर ती उमलली, याला दुसरा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उशांना टेकून बसली होती आणि इस्पितळाच्या चहाला नावं ठेवत होती. बोटाला यंत्राचा चिमटा लावलेला होता आणि शेजारच्या लहानशा पडद्यावर आकडा दिसत होता. पंच्याऐंशीवर अडून बसलेला आकडा त्र्याण्णवपर्यंत चढला होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अहो, बोट आणलंत?" तिनं हळूच विचारलं. "भेटायला लोक येतील. नणंदबाई येतील. तो चिमटा जरा काढा, तोंड पुसून घेते."

त्यानं डबी आणली होती. सोमवारचं चढवलं. खिडकीतला उजेड चांगला होता आणि ते छान जुळलं, निदान त्याला तसं वाटलं. तोंड पुसून ती आडवी झाली आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला. चेहरा अगदी समाधानी होता.

पाळी बदलली होती. नवी नर्स आली, स्वभावानं गडबडी आणि हसरी. "आजी कशा आहेत? आजी म्हटलं तर रागावणार नाहीत ना?" असं म्हणत तिनं चादरीवरचा चिमटा उचलला आणि समोर आलेल्या बोटाला लावला. नेमका त्याच बोटाला.

तो काही बोलणार, एवढ्यात यंत्र वाजायला लागलं. टुक. टुक. टुक. शांत, एकसारखं. पडद्यावर हिरवी लाट उठली, पडली, उठली. आकडा आला. अठ्ठ्याण्णव.

"वा!" नर्स म्हणाली. "हे तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. दुपारी घरी सोडतील बघा."

सिलिकोनच्या बोटात काय वाजतंय? यंत्र फसलं असेल, उजेडानं असेल, आत कुठेतरी जुना आकडा अडकला असेल. पण ठोके पडत होते आणि तो ऐकत होता. खरं सांगायचं तर त्याहून भयंकर गोष्ट निराळीच होती. त्याला तो आकडा आवडला होता. अठ्ठ्याण्णव. घरी सोडतील. उद्या खिडकीपाशी राखाडी कापड, चहा, पास का नापास. गप्प बसलं की झालं. गप्प बसायची त्याला सवय होती.

नर्स वळली. दारापर्यंत गेली.

"ताई," तो म्हणाला. "ताई, थांबा. ते बोट खोटं आहे."

परक्या माणसापुढे हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं. बायकोचे डोळे उघडे होते. ती त्याच्याकडेच बघत होती.

नर्सला आधी गंमत वाटली. मग तिनं बोट चिमटीत धरलं आणि तिचा चेहरा उतरला. चिमटा काढून तिनं शेजारच्या बोटाला लावला. पडद्यावर नुसत्या रेघा. बराच वेळ नुसत्या रेघा. मग आकडा आला, ब्याऐंशी, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक्याऐंशी झाला.

नर्स पळाली. डॉक्टरीणबाई आल्या, पडदा ओढला गेला, त्याला बाहेर काढलं. निळं औषध पुन्हा द्यावं लागलं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "वेळेवर कळलं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याला आत सोडलं तेव्हा ती दमलेली होती, पण ओठ ओठांसारखे दिसत होते. आकडा पंच्याण्णव होता, आणि तो तिच्या स्वतःच्या बोटावर होता. हे त्यानं स्वतः हात लावून, दाबून, दोनदा तपासून घेतलं.

"सांगितलंत शेवटी," ती म्हणाली.

"सांगितलं."

"आता ती साऱ्या इस्पितळाला सांगणार."

"सांगू दे."

तिनं रिकामी जागा असलेला तो हात चादरीवर उघडाच त्याच्याकडे सरकवला. "मग धरा की," ती म्हणाली. त्यानं धरला. गरम होता. तो लहान मुलासारखा रडला आणि तिनं त्याला रडू दिलं.

संध्याकाळ व्हायच्या आधी ती नर्स परत आली. चूक तिचीही होती, म्हणून ती मुद्दाम समजावून सांगायला आली होती. ही यंत्रं नुसता प्रकाश आरपार सोडून मोजतात, कधीकधी भलत्याच वस्तूवर आकडा दाखवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. "हे बघा, दाखवते," म्हणून तिनं जादा चिमटा स्वतःच्या पेनाला लावला. रेघा आल्या. खोडरबराला लावला. रेघा. रबरी हातमोज्यात कापूस कोंबून त्याला लावला. रेघाच.

"येतं कधीकधी," ती म्हणाली, आता जरा हळू आवाजात.

सोमवारचं बोट पाण्याच्या पेल्याशेजारी पडलं होतं, गुलाबी, टवटवीत. नर्सनं त्या बोटाकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. चिमटा तिच्या हातात उघडाच होता. मग तिनं तो मिटला, वायर गुंडाळली आणि दुसऱ्या रुग्णाकडे जायचं आहे म्हणून निघून गेली. त्यानंही तिला थांबवलं नाही.